ओढ्यातला डावखुरा शंख : एका जीवाश्माची ओळख पटवताना

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी भाच्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. गालाशी धरलेला एक पांढुरका दगड, मागे ओढ्याचं कोरडं पात्र आणि खाली एक ओळ : "मामा, दगडाचा शंख सापडला. कशाचा असन?"

भाचा अकरावीत आहे. बहिणीचं घर नागपूर जिल्ह्यात, सावनेरच्या पुढे छिंदवाड्याच्या दिशेला. नेमकं गाव आणि ओढा मी इथे लिहीत नाही, कारण असे थर पाहायला येणारे सगळेच पाहून परत जातात असं नाही. काही जण पोतं घेऊन येतात.

मी भूजलाच्या कामात आहे. विहीर कुठे घ्यायची, बोअर किती खोल न्यायचं, कोणत्या थराला पाणी लागेल, हे सांगणं हा माझा रोजचा उद्योग. जीवाश्म एम.एस्सी.ला अभ्यासले, नंतर तो धागा सुटला. तरी विदर्भात विहिरी बघत फिरणाऱ्याच्या हाती शंखाचे दगड अधूनमधून येतातच. त्या भरवशावर मी पाच मिनिटांत उत्तर पाठवलं : "व्हिव्हिपॅरस. जुन्या पुस्तकांत पॅल्युडिना म्हणतात. गोड्या पाण्यातली गोगलगाय."

ते उत्तर चुकीचं होतं. संध्याकाळी मी ते बदललं, तर दुसरंही चुकीचं निघालं. खरं उत्तर मिळायला ओढ्यावर एक दिवस आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात एक संध्याकाळ लागली. हे सगळं सविस्तर मांडतोय, कारण आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर कुणाला तरी असा शंख सापडतो, फोटो फिरतो, कुणी तरी माझ्यासारखंच नाव सांगतो, आणि तेच नाव त्या दगडाला कायमचं चिकटतं.

फोटोतलं तोंड

गोगलगाईचा शंख ओळखताना पहिली गोष्ट पाहायची ती वळण. शंखाचा टोकदार शेंडा वर धरायचा, तोंड आपल्याकडे करायचं आणि ते कोणत्या हाताला आहे ते बघायचं. उजवीकडे असेल तर शंख उजवा, डावीकडे असेल तर डावखुरा. जगातल्या बहुतेक गोगलगाई उजव्या असतात. डावखुऱ्या जाती थोड्या, म्हणून शंख डावखुरा निघाला की शोधाचं वर्तुळ एकदम लहान होतं.

इथे एक अडचण आपल्या भाषेतच आहे. देवघरातल्या 'दक्षिणावर्ती' शंखाला लोक उजवा समजतात. पण पूजेत शंखाची चोच वर धरून तोंड पाहतात, तर प्राणिशास्त्रात शेंडा वर धरतात. धरण्याची दिशाच उलटी, म्हणून नावंही उलटी. पूजेतला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावखुरा असतो आणि नेहमीचा वामावर्ती उजवा. म्हणून या लेखात मी दक्षिणावर्त-वामावर्त हे शब्द टाळले आहेत. 'उजवा' आणि 'डावखुरा' म्हणतो तेव्हा शेंडा वर, तोंड आपल्याकडे, एवढंच धरायचं.

फोटोत शंखाचं तोंड उजवीकडे दिसत होतं. आपल्या भागातल्या जुन्या थरांमध्ये उजव्या वळणाचे दोन शंख नेहमी भेटतात : व्हिव्हिपॅरस आणि लिम्निया. मी पहिलं नाव पाठवून मोकळा झालो. पण शंख मनातून जाईना. व्हिव्हिपॅरसचं तोंड जवळजवळ गोल असतं, प्रत्येक वेढा फुगीर आणि दोन वेढ्यांमधली शिवण खोल. फोटोतल्या शंखाचा शेंडा बुटका होता, शेवटच्या एका वेढ्यानेच बहुतेक अंग व्यापलं होतं आणि तोंड लांबट, वर निमुळतं होत गेलेलं, पाण्याच्या थेंबासारखं. हे लिम्नियाशी जास्त जुळतं. म्हणून संध्याकाळी "लिम्निया असावा" असं कळवलं. मात्र लिम्नियाचा शेंडा सहसा उंच आणि अणकुचीदार असतो, तो इथे नव्हता. तेही मला दिसलं होतं, पण तोंड उजवीकडे असल्यावर याहून जवळचं काही सुचेना.

रात्री जेवणानंतर तोच फोटो मोठा करून पाहिला आणि लक्ष शंखावरून शर्टावर गेलं. शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. समोर उभ्या माणसाच्या फोटोत तो आपल्याला उजवीकडे दिसायला हवा. भाच्याच्या शर्टाचा खिसा फोटोत डावीकडे होता. गुंड्यांची पट्टीही उलट्या बाजूने वर आली होती. फोटो सेल्फीचा होता, पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला, आणि त्याच्या फोनने आरशात दिसावं तसंच चित्र जतन केलं होतं. म्हणजे डाव्याचं उजवं झालं होतं.

शंख डावखुरा होता.

मी लगेच फोन केला. "शेंडा वर धर, तोंड तुझ्याकडे कर. तोंड कोणत्या हाताला आहे?"

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "डाव्या. मामा, पण फोटोत तं..."

"तो फोटो विसर. शंख कुठून उचललास?"

"नाल्यातून."

"नाल्यातून म्हणजे काठातून की पात्रातून?"

"पात्रातून. वाळूत पडला होता."

नंतर जे काही समजलं ते या दुसऱ्या प्रश्नामुळे. माझं ठाम मत आहे की "काय सापडलं" याआधी "कशात सापडलं" विचारावं. पात्रातला सुटा दगड स्वतःचं वय सांगत नाही. ओढा वरच्या दोन-चार कोसांतलं काहीही आणून टाकतो. शंख ज्या थरातून सुटला तो थर सापडेपर्यंत त्याची ओळख अर्धीच.

एका ओढ्यात तीन काळांचे शंख

पुढच्या रविवारी गेलो. भाचा आणि त्याचे दोन मित्र तयारच होते. आधी त्यांच्याकडून पात्रातले मिळतील ते सगळे शंख गोळा करून घेतले, जुने-नवे न निवडता. अर्ध्या तासात ओंजळभर जमले. सपाट दगडावर मांडले तेव्हा त्यांचे तीन ढीग आपोआप पडले.

पहिला ढीग आजच्या शंखांचा. हलके, पोकळ, काहींवर तपकिरी साल अजून टिकलेली. यात एक लहानसा डावखुरा शंखही होता, जेमतेम एक सेंटीमीटर, कागदासारखा पातळ, किंचित पारदर्शक. ही फायसा कुळातली आजची गोगलगाय, बाहेरून आपल्या देशात आलेली. सांडपाण्याच्या नाल्यांत आणि मत्स्यालयांच्या टाक्यांत ती भरपूर दिसते. डावखुरा दिसला की तो जीवाश्मच, असं म्हणता येत नाही, ते तिच्यामुळे.

दुसरा ढीग खडूसारख्या पांढऱ्या, ठिसूळ शंखांचा. हे ओढ्याच्या काठच्या पिवळसर गाळातून आले होते. त्या गाळात चुनखडीचे खडे असतात, ज्यांना लोक कंकर म्हणतात. या शंखांचा रंग उडालेला असतो, पण कवच मूळचंच, चुन्याचं. बऱ्याच जणांना हेच जीवाश्म वाटतात. माणसाच्या हिशेबाने ते जुने असतील, पण मला हवे होते ते हे नव्हेत.

तिसऱ्या ढिगात चारच दगड. जड, गार, आत पोकळी नाही, ठोकल्यावर गारगोटीसारखा टणक आवाज. भाच्याचा शंख यांतला.

एका मित्राने अंड्यासारखा गुळगुळीत गोटा आणला होता, आत एकावर एक पट्टे. काळ्या दगडात वायूचे बुडबुडे राहून जातात, त्या पोकळ्या नंतर गारेने भरतात आणि दगड झिजला की अशा गाठी सुट्या होतात. पट्टे गोल असतात, पण एकात एक बंद. शंखाचा वेढा बंद होत नाही, शेंड्यापासून तोंडापर्यंत तो एकच अखंड नळी असतो. बोटाने शिवण धरून फिरत गेलं की फरक लगेच कळतो. तो गोटा मी त्याला परत दिला आणि बोट फिरवून बघायला सांगितलं. दोनदा फिरवून तो म्हणाला, "हा तं जागच्या जागीच येते."

थराचा माग

पात्रातल्या सुट्या दगडाचा थर शोधायची पद्धत जुनीच आहे. प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचं आणि तसले दगड कुठवर मिळतात ते पाहायचं. जसजसं वर जाऊ तसतसे ते मोठे आणि धारदार होतात, कारण घासून यायला अंतर कमी मिळालेलं असतं. जिथे ते एकदम संपतात, त्याच्याच जवळपास थर उघडा पडलेला असतो.

सुमारे पाऊण किलोमीटर चाललो. पांढऱ्या-पिवळ्या चिवट दगडाचे तुकडे आधी सुपारीएवढे होते, मग मुठीएवढे झाले. एका वळणापुढे ते बंदच झाले. मागे फिरून त्या वळणावरचा काठ नीट पाहिला. पावसाच्या पाण्याने तो उभा कापला होता आणि वरून खाली सगळं वाचता येत होतं.

सर्वांत वर काळी माती, हातभर. खाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेलेला काळा दगड, म्हणजे एका लाव्हाप्रवाहाचा तळ. त्याखाली आडवी गेलेली फिकट पट्टी, टेपने मोजली तर ७० सेंटीमीटर. वरचा भाग पांढरा, गारेसारखा कठीण. मधे पिवळसर, चुनामिश्रित. तळाला हिरवट माती, ओली केली की बोटाला साबणासारखी लागणारी. आणि त्याखाली पुन्हा काळा दगड, पण भोकाभोकांचा, वरून लालसर झालेला. खालचा लाव्हा निवला, उघड्यावर राहिला, झिजला, त्यावर पाणी साचलं, गाळ बसला, आणि मग वरचा लाव्हा येऊन त्या गाळावर पसरला. दोन लाव्हांच्या मधल्या अशा थराला भूशास्त्रात इंटरट्रॅपियन म्हणतात.

आम्ही मोजमाप करत असताना शेताचे मालक आले. साठीचे असतील. काय चाललंय ते विचारलं, शंख हातात घेऊन बघितला.

"असे तं लय हायेत इथं," ते म्हणाले. "माह्या विहिरीत तीस फुटावर हाच पांढरा दगड लागला. घण मारला तं ठिणग्या उडे. खालून माती लागली, हिरवी."

माझ्या कामाला ही माहिती सोन्यासारखी. विहीर ओढ्यापासून शंभरेक पावलांवर, काठापेक्षा उंचावर. तीस फूट खाली तोच क्रम, तीच हिरवी माती. म्हणजे ही पट्टी काठापुरती नाही, शेताखालून सलग गेली आहे. गावातल्या विहीर खोदणाऱ्यांना विचारून फिरलं तर त्या तळ्याचा विस्तार बराचसा कळू शकेल.

पट्टीच्या पांढऱ्या भागात शंखच शंख होते. काठ न फोडता, जे उघडे होते तेवढेच आम्ही तासभर तपासले. ज्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती असे ११ सापडले. अकराही डावखुरे. हे मोजणं महत्त्वाचं होतं, कारण उजव्या जातीतही एखादा शंख चुकून डावखुरा जन्मतो. एका नमुन्यावरून जात ठरवली आणि तो नेमका तसला निघाला, तर सगळंच चुकतं. अकराच्या अकरा एका बाजूला वळल्यावर ती शंका उरत नाही.

बारावा मात्र उजवा दिसला. भाचा ओरडलाच, "मामा, हा उजवा!"

तो शंख नव्हता, शंखाची खळगी होती. कवच निघून गेलं होतं आणि दगडात त्याचा ठसा उरला होता. तो हातभर तुकडा आधीच काठावरून सुटून खाली पडला होता, म्हणून सोबत घेतला.

कणकेचा गोळा

घरी बहीण पोळ्यांची कणीक मळत होती. तिच्याकडून लिंबाएवढा गोळा मागून घेतला. खळगी ब्रशने साफ केली, आतून बोटाने तेलाचा हात फिरवला आणि कणीक हळूहळू दाबत भरली. कडेपर्यंत नीट बसू दिली. मग गोळा एका कडेने सोडवत अलगद बाहेर काढला.

कणकेचा शंख ताटलीत ठेवला. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे.

भाच्याने एकदा खळगीकडे पाहिलं, एकदा कणकेकडे. ठसा नेहमी उलटा असतो, रबरी शिक्क्यावरच्या अक्षरांसारखा. आरशातल्या फोटोने जे केलं तेच इथे दगडाने केलं होतं. जीवाश्मांच्या कामात ही चूक फार जणांकडून होते, आणि तिचा उपाय प्रत्येक घरात मळलेला असतो.

मग मूळ नमुन्याकडे वळलो. उंची ४१ मिलिमीटर, रुंदी २४. वेढे चार, त्यांतले वरचे तीन मिळून जेमतेम पाव उंची. तोंडाची उंची ३० मिलिमीटर. पृष्ठभाग गुळगुळीत, नुसत्या वाढीच्या बारीक रेषा, काटे-गाठी काही नाही. तोंडाच्या आतल्या कडेला मधल्या खांबाला हलका पीळ.

सुरीच्या टोकाने अंगावर ओढून पाहिलं. राखाडी रेघ उठली. भाच्याला वाटलं ओरखडा पडला. बोटाने पुसली तर रेघ गेली, कारण ती सुरीच्या पोलादाची होती, दगडाची नव्हे. पोलादाला झिजवणारा म्हणजे गारेच्या जातीचा दगड. दुसऱ्या ढिगातल्या खडूसारख्या शंखावर तीच सुरी ओढली तर खाच पडली आणि पांढरी भुकटी निघाली. त्या शंखावर पातळ केलेल्या आम्लाचा एक थेंब टाकला, फसफसला. भाच्याच्या शंखावर थेंब नुसता बसून राहिला. शंखाला चिकटलेल्या पिवळ्या मातीवर मात्र बारीक बुडबुडे आले, कारण गाळात चुना होता.

म्हणजे कवचाचा मूळ चुना निघून जाऊन त्याच्या जागी सिलिका, म्हणजे गारेचं द्रव्य, बसली होती. लाव्हा झिजताना सिलिका पाण्यात भरपूर उतरते आणि तळ्यातल्या मेलेल्या शंखांत हळूहळू शिरते. म्हणूनच पट्टीचा वरचा भाग गारेसारखा झाला होता आणि म्हणूनच घणाखाली ठिणग्या उडत होत्या.

दहापट भिंगाखाली पिवळ्या मातीत आणखी एक गोष्ट दिसली. मोहरीहूनही लहान गोळे, अंगावर पिळदार उभार. ही कारा नावाच्या पाणवनस्पतीची फळं, चुन्याचं आवरण घेतलेली. कारा उथळ, संथ, स्वच्छ पाण्यात वाढते. शंख तळ्याकाठचा आहे, याला हा स्वतंत्र पुरावा.

आता पर्याय एकेक करून गळत गेले. लाव्हातली गाठ नाही, कारण वेढा अखंड आहे. आजचा नाही, कारण सिलिकाचा आहे आणि लाव्हाखाली दबलेला आहे. काठच्या गाळातला नाही, त्याच कारणाने. व्हिव्हिपॅरस आणि लिम्निया दोन्ही उजवे, म्हणून तेही नाहीत. समुद्रातला असण्याला या पट्टीत काही आधार नाही, उलट कारा गोड्या पाण्याकडे बोट दाखवते. डावखुरा, गुळगुळीत, बुटक्या शेंड्याचा, थेंबासारख्या तोंडाचा, आजच्या नातेवाइकांपेक्षा कितीतरी मोठा, आणि दख्खनच्या लाव्हांमधल्या तळ्यातला. असा शंख आपल्याकडे एकच प्रसिद्ध आहे : फायसा प्रिन्सेपी.

नावामागची माणसं

हे नाव १८४० सालचं आहे. मद्रासच्या सैन्यातले डॉक्टर माल्कमसन हे हैदराबाद-नागपूर वाटेवर, आजच्या तेलंगणातल्या निर्मळच्या बाजूच्या डोंगरांत, लाव्हाबरोबर गोड्या पाण्याचे शंख आढळतात हे पाहून गेले होते. लंडनच्या भूशास्त्र संस्थेत त्यांचा लेख छापला गेला, त्यातल्या शंखांचं वर्णन शंखांचे अभ्यासक सॉवर्बी यांनी केलं आणि या डावखुऱ्या शंखाला प्रिन्सेप यांचं नाव दिलं. ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप ते बहुधा हेच.

मला मात्र या शंखाबरोबर स्टीफन हिस्लॉप आठवतात. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेजमुळे नाव ठाऊक असतं. ते १८४५ साली मिशनरी म्हणून नागपुरात आले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सीताबर्डीची टेकडी, टाकळी आणि आसपासचे ओढे पिंजून काढले. १८५५ साली दोघांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर निबंध छापला आणि १८६० साली हिस्लॉप यांनी लाव्हांमधल्या शंखांचं सविस्तर वर्णन केलं. मी घाईत भाच्याला व्हिव्हिपॅरस हे नाव पाठवलं, त्याच्या या थरांतल्या जातीचं वर्णनही त्यांचंच. फायसा प्रिन्सेपीचे बारीक, फुगीर आणि मधले असे प्रकारही त्यांनी वेगळे केले. हाताशी ना प्रयोगशाळा, ना मोठं ग्रंथालय. नमुने जहाजाने पाठवायचे आणि उत्तराची महिनोन्महिने वाट पाहायची. तरी त्यांची वर्णनं इतकी नेटकी आहेत की आजचे अभ्यासक त्यांच्या मूळ नमुन्यांकडे परत जातात.

१८६३च्या सप्टेंबरमध्ये, टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या पाण्यातून वाट काढत असता ते बुडाले. विदर्भातल्या ओढ्यांनी ज्यांना इतकं दिलं, त्यांना अशाच एका पाण्याने नेलं. ओढ्यात उतरताना भाच्याला मी ही गोष्ट सांगितली, आणि पावसाळ्यात असा काठ कधी बघायचा नाही हेही.

नंतरच्या अभ्यासकांनी या शंखाचा वंश वेगळा धरून त्याला प्लॅटिफायसा प्रिन्सेपी असंही म्हटलं आहे. जुनं साहित्य शोधायचं तर फायसा, नवं शोधायचं तर प्लॅटिफायसा. दोन्ही ठाऊक असावीत.

किती खात्री, कशाची

भाच्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "म्हणजे डायनासोरच्या वेळचा?"

इथे मी हात आखडता घेतला. दख्खनचे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास ओतले गेले, आणि डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. १९४० साली बिरबल साहनींसारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, या थरांतल्या वनस्पती पाहून, हे लाव्हा डायनासोर संपल्यानंतरच्या युगातले आहेत असं मांडलं होतं. पुढे किरणोत्सारी कालमापन, खडकातलं चुंबकत्व आणि सूक्ष्मजीवाश्म यांमुळे बरेच थर मागे, क्रिटेशस या डायनासोरांच्या काळाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सरकले. फायसा प्रिन्सेपी त्याच टप्प्याची खूण मानली जाते. पण सगळ्या मधल्या थरांचं वय एकच नाही. राज्याच्या सीमेपलीकडे छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरात, डायनासोर संपल्यानंतर लगेचच्या काळातले समुद्री सूक्ष्मजीव सापडले आहेत. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळतात ती लाव्हांच्या मधल्या नव्हे, त्यांच्याखालच्या लमेटा थरांत. मी भाच्याला सांगितलं : डायनासोर संपत आले होते तेव्हाचा, एवढं म्हण. ते संपण्याच्या आधीचा की नंतरचा, हे एका शंखावरून ठरत नाही.

जातीबद्दलही तेच. फायसा कुळ आणि डावखुरं वळण, यात मला शंका नाही. प्रिन्सेपी हे नाव आकार, तोंड आणि थर यांवरून दिलं आहे, आणि ते जवळजवळ पक्कं आहे. हिस्लॉप यांच्या कोणत्या प्रकाराशी तो जुळतो हे ठरवायला मात्र मोजमापं पुरत नाहीत. अकरांपैकी काही बारीक होते, काही फुगीर, आणि दोन्हींच्या मधलेही होते. एकाच तळ्यातली एकच जात वयाप्रमाणे आणि जागेप्रमाणे इतकी बदलू शकते. हे काम ज्यांच्याकडे मूळ नमुने आहेत त्यांचं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, तिथे दाखवायला नेण्यासाठी दोन नमुने आणि पिवळ्या मातीची एक पिशवी बाजूला ठेवली आहे.

बाकीचे दगड आम्ही पट्टीच्या पायथ्याशी परत ठेवले. घरी तीनच गोष्टी राहिल्या : पहिला शंख, ठसा असलेला तुकडा आणि काठाचं चित्र. चित्र भाच्याने काढलं, प्रत्येक थराची जाडी टेपने मोजून, बाजूला सेंटीमीटरमध्ये लिहून. पावसाळ्यात त्या वळणावरच्या काठाचा पुढे आलेला भाग कोसळला. शेताच्या मालकांनीच फोन करून कळवलं. खाली नवा भाग उघडा पडलाय, शंख तसेच आहेत म्हणाले. पण आम्ही मोजलेला काठ आता फक्त त्या कागदावर आहे.

शंखाच्या डबीत भाच्याने चिठ्ठी ठेवली आहे. वर तारीख, गाव, ओढा आणि वळणाची खूण. मग "पात्रातून उचलला, थर ७५० मीटर वर सापडला". मग "पट्टी ७० सें.मी., वरच्या पांढऱ्या भागातला". मग "डावखुरा. हातात धरून पाहिला". नाव त्याने सर्वांत शेवटी लिहिलंय, पेन्सिलीने, म्हणजे बदलावं लागलं तर खोडता येईल : फायसा प्रिन्सेपी.